भागीरथाच्या मळ्यातला सांबार

वर्ध्याच्या भाजीबाजारात दौलतरावांना नावाने हाक मारणारी बाई एकच होती, आणि ती त्यांची बायको नव्हती. गोपिकाबाईचं सगळं दुखणं एवढ्या एका वाक्यात मावण्यासारखं होतं, पण ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही. असली दुखणी सांगितली की लोक हसतात.

बायको नवऱ्याला नावाने हाक मारत नाही यात नवल काही नव्हतं. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य तेवढं कमी होतं, असं गोपिकाबाईला तिच्या आईने सांगून ठेवलेलं. लग्नात, आणि पुढे लेकीच्या, कुसुमच्या, वेळच्या डोहाळजेवणात उखाण्यातून घेतलं असेल तेवढंच. एरवी तिची हाक ठरलेली, "आइकलं काय?" दौलतरावांनी ही हाक इतकी वर्षं ऐकली होती की आता ती त्यांना ऐकूच येत नव्हती.

आणि ही भागीरथा. सेलूकडची माळीण. दौलतराव लहानपणी ज्या गावात वाढले त्याच गावातली, त्याच गल्लीतली, त्यांच्याबरोबर बोरं पाडत हिंडलेली. नवरा लवकर गेला, तेव्हापासून सेलूजवळचा भाजीचा मळा एकटीने पाहायची. सकाळच्या पहिल्या एस.टी.ने टोपल्या घेऊन उतरली की थेट दौलतरावांच्या अडतीवर. दौलतरावांची अडत म्हणजे शेतकऱ्यांचा माल लिलावात विकून द्यायचा धंदा. लिलाव पुकारायला लागले की त्यांचा आवाज पार स्टेशनापर्यंत जायचा, आणि त्यांना अरे-तुरे करायची कुणाची छाती नव्हती. ही मात्र कमरेवर हात ठेवून, भरल्या बाजारात विचारायची, "दौलत, माह्या वांग्याले भाव काऊन पाडला रे?" त्या 'रे'वर एवढा मोठा माणूस लाजल्यासारखा हसायचा.

हे गोपिकाबाईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, एकदा विसरलेला चष्मा द्यायला गेली होती तेव्हा. तळपायाची आग मस्तकात गेली. त्यात भागीरथाने तिला पाहून गोणपाट झटकलं आणि म्हणाली, "या वहिनी, बसा," जशी काही अडत हिच्या बापाची. गोपिकाबाई बसली नाही. चष्मा देऊन तशीच उलट्या पावली घरी आली, आणि त्या दिवसापासून तिच्या चुलीने लढाई धरली.

कारण भागीरथा येताना फडक्यात ज्वारीची भाकर आणि वांग्याचं भरीत बांधून आणायची, आणि लिलाव संपला की दौलतराव पोत्यावर बसून ते खायचे. घरी आले की त्यांच्या मिशीला भाजलेल्या वांग्याचा वास असायचा. "आज लय भूक नाई," म्हणायचे. गोपिकाबाईने त्यावर शब्द काढला नाही. तिने दुसऱ्या दिवशी पाटवड्या केल्या. तिसऱ्या दिवशी गोळाभात, वरून फोडणीचं तेल. सणवार नसताना पुरण घातलं. मग तिच्या मनात आलं की माणूस घरून निघतानाच पोट एवढं भरून पाठवावा की त्या भाकरीला जागाच उरू नये, म्हणून सकाळी उठल्या उठल्या शिऱ्याची वाटी सुरू झाली. दौलतराव स्वभावाने गरीब. वाढणाऱ्याचा हात मागे लोटणं त्यांना जमायचंच नाही. ते घरी शिरा खायचे, तिकडे भरीत खायचे, परत येऊन पाटवड्या खायचे. दोन चुलींच्या मधे हा माणूस वर्षानुवर्षं फुगत गेला. सदरे उसवले, पाट मोडला, सायकलरिक्षावाले त्यांना पाहून तोंड फिरवू लागले. गोपिकाबाईला हे दिसत नव्हतं असं नाही. तिच्या मते तो सगळा भरिताचा गुण होता.

एका बाबतीत मात्र तिने भागीरथाला उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं. तिच्या मळ्यातला सांबार घरात येऊ द्यायचा नाही. कोथिंबिरीला वर्धेकडे सांबार म्हणतात, आणि हिवाळ्यात त्याचं सारण भरून सांबारवडी तळतात. त्या वडीपुढे दौलतरावांना देव आठवत नसे. भागीरथाच्या सांबाराचं बाजारात नाव होतं. तिची जुडी पिशवीत असली की शेजारच्या घरी कळायचं. दौलतरावांनी एकदा ती हौसेने घरी आणली आणि गोपिकाबाईने त्यांच्या देखत गाईपुढे टाकली. पुन्हा त्यांनी आणली नाही. गोपिकाबाई सांबार दारावर येणाऱ्या म्हाताऱ्याकडून घ्यायची, वरून पाणी मारून ताजा दाखवलेला. वड्या खुसखुशीत व्हायच्या, दौलतराव ताटभर खायचे, पण खाताना वडीबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत. पाटवडीला "बेस झाली" म्हणायचे, गोळ्याला म्हणायचे, सांबारवडीला कधी नाही. त्या न बोललेल्या शब्दाने तिचा अख्खा हिवाळा कडू व्हायचा.

अलीकडे त्यांचं घोरणंही वाढलं होतं. दुपारी झोपाळ्यावर पडले की घर दणाणायचं, आणि मग मधेच सगळं गप्प व्हायचं. छाती वर गेलेली तशीच राहायची. "आइकलं काय? अवो, आइकलं काय?" म्हणून ती दमायची. शेवटी तिला एक युक्ती सापडली. स्वयंपाकघराच्या दारातून नुसतं म्हणायचं, "ताट वाढलं, या." दौलतराव मोठा श्वास ओढून उठून बसायचे आणि पाय चपलांकडे न्यायचे. गोपिकाबाईला यात आजार दिसला नाही. नवरा खादाड आहे एवढंच तिने त्यातून घेतलं, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं.

त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात दौलतरावांच्या मांडीवर गळू आलं. आधी बोराएवढं, मग लिंबाएवढं, मग सांगायची सोय राहिली नाही. ठणक्याने रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही. दवाखान्यात दाखवलं तर लघवीत साखर निघाली. चिरावं लागेल, डॉक्टर म्हणाले, आणि भूल देणाऱ्या डॉक्टर सुलोचनाबाईंना बोलावलं. सुलोचनाबाई उंचीने हातभर, पण नजर अशी की दौलतराव उभ्या उभ्या सरळ झाले.

"वजन किती यांचं?" त्यांनी विचारलं. दवाखान्याच्या काट्यावर दौलतराव चढले आणि काटा शेवटाला जाऊन आपटला. "वजन कळल्याशिवाय मी औषध मोजणार कशाने? कुठूनही करून आणा."

कुठून म्हणजे कुठून, मोठा काटा एकच ठाऊक होता. दुसऱ्या दिवशी दौलतराव आपल्याच अडतीवर, पोती मोजायच्या काट्यावर जाऊन बसले. आयुष्यभर दुसऱ्याचा माल मोजणारा माणूस पारड्यात बसला म्हटल्यावर सगळा बाजार लोटला. मापारी रामाजी दुसऱ्या पारड्यात वजनं ठेवत होता आणि हसू दाबत होता. गोपिकाबाई पदर घट्ट धरून बाजूला उभी होती. तेवढ्यात भागीरथा आलीच.

"अजून पाच किलोचं ठेव, रामाजी," ती म्हणाली. "तेवढा माह्या भरताचा हिस्सा होय."

बाजार हसला. दौलतरावही हसले, काटा हलला, रामाजीला पुन्हा मोजावं लागलं. गोपिकाबाईला राहवलं नाही. जन्मात जी बाजारात तोंड उघडून बोलली नव्हती ती म्हणाली, "भरतानं वजन चढत नसते. आमच्या घरचं तूप होय ते."

लोक आणखी हसले. क्षणभर तिला वाटलं, बरं झालं, दाखवलं हिला. मग काटा स्थिर झाला. दीड क्विंटलाला थोडंसंच कमी. रामाजीने आकडा सवयीने पुकारला, पोत्याचा पुकारतात तसा, आणि ती भानावर आली. दोघी ज्याचा हिस्सा सांगत होत्या ते पारड्यातलं माणूस चालायलाही आता दुसऱ्याचा खांदा मागत होतं.

सुलोचनाबाईंनी आकडा पाहिला आणि पेन खाली ठेवलं. "पूर्ण भूल मी यांना देणार नाही. मान आखूड, जीभ जाड, आणि छातीवर हे एवढं ओझं. आडवे झोपवले तर यांचंच अंग यांना दाबेल. घशात नळी घालायची वेळ आली तर ती सहज जायची नाही. म्हणून अर्धीच झोप द्यायची. हाक मारली की ओ देतील, इतकीच. टेबल डोक्याकडून उचलून बसते ठेवू, नाकातल्या नळीने ऑक्सिजन देऊ, जागा बधिर करू आणि पटकन चिरून मोकळं होऊ. झोपेत श्वास अडतो का यांचा?"

"अडते कधी कधी," गोपिकाबाई म्हणाली. "मंग येते आपोआप."

"हं. आणि एक. रात्रीपासून पोटात काही जाता कामा नये. पाणीसुद्धा नाही. पोटातलं उलटून छातीत गेलं तर माझ्या हातात काही राहणार नाही."

पोटात काही जाऊ नये म्हटल्याबरोबर गोपिकाबाईला आठवली ती भागीरथा. ती आली की फडकं सोडणार, आणि हा माणूस नाही म्हणणार नाही. खोटं बोलायला इतकं सोज्वळ कारण तिला यापूर्वी कधी मिळालं नव्हतं. तिने रामाजीला सांगितलं, "शुक्रवारी चिरणार हायेत म्हणून सांगजो बाजारात." चिरायचं होतं बुधवारी. कारण सोज्वळ होतं हे खरं, पण त्या दिवशी दवाखान्यात त्यांच्या उशाशी आपण एकटी असू, या विचाराने तिला जो गारवा वाटला त्याचा पोटातल्या अन्नाशी काही संबंध नव्हता.

बुधवारी सकाळी दौलतराव एका ऑटोरिक्षात मावले, ती दुसरीत. त्यांना आत नेलं आणि ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली. थोड्या वेळाने फाटकातून टोपली आत आली आणि टोपलीखाली भागीरथा.

"बाजारात दौलतचा आवाज नाई," ती म्हणाली. "मी म्हणलं, शुक्रवार कायचा, आजच होय." तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर गोपिकाबाईला बरं वाटलं असतं.

गोपिकाबाई उठली आणि दारावरच्या आयाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "घरचं माणूस मी एकटी होय. दुसऱ्या कोनाले येऊ नोको देजो आत." आयाने भागीरथाकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. भागीरथा पायरीवर बसली. टोपलीत न विकलेला सांबार होता. त्याचा वास व्हरांड्यात पसरला, दवाखान्याच्या औषधी वासावर चढून बसला, आणि गोपिकाबाईने पदर नाकाला लावला.

आत चिरा नीट पडला. पू गेला, ठणका गेला. पण कित्येक रात्री ठणक्याने जागा असलेला माणूस ठणका गेल्याबरोबर त्या अर्ध्या झोपेतून पुऱ्या झोपेत उतरायला लागला. जखमेवर पट्टी बांधून होत नाही तो नर्स दारात आली.

"दौलतरावांच्या घरचं कोण?"

"मी."

"चला आत. चपला काढा."

आत दौलतराव टेबलावर अर्धवट बसते होते, पाठीमागे उशांचा डोंगर. नाकात लाल रबरी नळी, ती काचेच्या बाटलीला, बाटली त्या काळ्या सिलेंडरला. सुलोचनाबाई डोक्याशी उभ्या राहून दोन्ही हातांनी त्यांचा जबडा वर उचलून धरत होत्या. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"माझी हाक आता यांच्यापर्यंत पोचत नाही," त्या म्हणाल्या. "ओळखीचा आवाज पाहिजे. हाक मारा आणि श्वास घ्या म्हणून सांगा."

गोपिकाबाईने बाटलीकडे पाहिलं. पाण्यातून बुडबुडे उठत होते. "श्वास तर चालू आहे न बाई. बुडबुडे येऊन राह्यले."

"ते सिलेंडरचे आहेत. ऑक्सिजन मी नाकापर्यंत नेऊ शकते. आत ओढायचा तो त्यांनी. मारा हाक."

तिने पाहिलं. छाती वर गेलेली, तशीच राहिलेली. दुपारच्या झोपाळ्यासारखीच, फक्त इथे नखं जांभळी होत होती.

"आइकलं काय?" ती म्हणाली. मग मोठ्याने, "अवो, आइकलं काय?"

काही नाही. डोळ्याची पापणी हलली नाही. जी हाक जागेपणी ऐकली नाही ती झोपेत कशाला ऐकतील.

"नावाने मारा, बाई. नावाने."

गोपिकाबाईने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. नाव घेतलं की आयुष्य कमी होतं, आणि इथे आयुष्य ते किती उरलं होतं. आई मनात म्हणाली, घेऊ नको. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "दौलतराव." आवाज आला तो कुणा परक्या बाईचा. पुन्हा म्हणाली, "दौलतराव, श्वास घ्या." एवढं मोठं पाप केलं आणि त्याचं काही झालं नाही. दौलतरावांनी तिच्या तोंडून आपलं नाव उखाण्याबाहेर कधी ऐकलंच नव्हतं. दुसऱ्या कुणाला तरी बोलावत असतील असं त्यांना वाटलं असावं.

"नावाने हाक मारणारं दुसरं कुणी आहे का?" सुलोचनाबाईंनी विचारलं. "भाऊ, बहीण, कुणीही. लवकर."

होतं. भिंतीपलीकडे, पायरीवर बसलेलं होतं, आणि तिनेच बसवलेलं होतं. गोपिकाबाई उभी राहिली. तिच्या मनात आलं, नको. काय व्हायचं ते माझ्या हाकेखाली होऊ दे, पण तिच्या हाकेने आलेला श्वास नको. हा विचार तिच्या मनात आला आणि पुरता आला, अर्ध्यात लाजून परत गेला नाही. मग तिची नजर पुन्हा नखांवर पडली आणि ती अनवाणी बाहेर धावली.

"भागीरथा, चाल. चाल लवकर. तुले ओ देतील ते."

भागीरथा टोपली तिथेच ठेवून उठली. आत येऊन त्यांच्या कानाशी वाकली आणि बाजारात बोलते तशीच बोलली. "दौलत. ए दौलत. श्वास घे रे."

छाती हलली. नाकातून शीळ घातल्यासारखा आवाज आला आणि श्वास आत गेला. गोपिकाबाईचा जीव भांड्यात पडला, आणि पडता पडताच जळाला. माझ्या 'अवो'ला नाही, माझ्या दौलतरावाला नाही, हिच्या 'रे'ला. तिला वाटलं आपण इथून निघून जावं आणि बाकावर जाऊन बसावं. पण पाय हलले नाहीत.

"दौलत. घे अजून." पुन्हा एक श्वास. मग एक लहान. "दौलत, आइकत नाईस काय रे?" त्यापुढचा आला नाही. भागीरथाने गालावर चापटी मारली, हाक वाढवली. दौलतराव तिच्याही हाकेच्या खाली उतरत चालले होते.

"तुमच्या हातात जोर आहे. हनुवटी अशी वर धरा," सुलोचनाबाईंनी भागीरथाचे हात जबड्याखाली नेऊन ठेवले आणि स्वतः रबरी पिशवीचा मुखवटा दोन्ही हातांनी चेहऱ्यावर दाबला. नर्सने पिशवी पिळली. हवा गालांच्या बाजूने फसकन निघून गेली. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. थोडी आत जात होती, बरीच बाहेर.

गोपिकाबाई पायथ्याशी उभी होती. तिला काही सुचलं नव्हतं. तिने काही ठरवलंही नव्हतं. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून रोजचं जे निघतं तेच निघालं.

"ताट वाढलं," ती म्हणाली. "या."

दौलतरावांची छाती भात्यासारखी फुगली. घशात मोठा आवाज झाला, श्वास आत गेला, बाहेर आला, दुसरा गेला. चादरीखाली त्यांचे पाय हलले, चपला शोधत. मुखवट्याखाली पापण्या किलकिल्या झाल्या.

"काय म्हणालात?" सुलोचनाबाईंनी मान वर केली. "तेच म्हणा. थांबू नका."

"ताट वाढलं. या, उठा. थंडं होऊन राह्यलं." गोपिकाबाई आता उशाशी आली होती. तिने भागीरथाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मान वर करून पाहिलं, आणि त्या पाहण्यात जे होतं ते तिने लपवलं नाही. तू मार हाका. उठतेत ते माह्या ताटावर.

भागीरथा हनुवटी धरून उभी होती. तिने नजर खाली घेतली नाही.

दौलतरावांचे ओठ हलले. मुखवटा जरा उचलला तेव्हा शब्द आला, जड जिभेने घसटत. "काय हाय ताटात?"

"बोलतं ठेवा," सुलोचनाबाई म्हणाल्या. "बोलायला श्वास लागतो. बोलतं ठेवा त्यांना."

"सांबारवडी," गोपिकाबाई म्हणाली. जिंकलेल्या माणसाला सगळ्यात आधी जे सुचावं तेच तिला सुचलं.

दौलतरावांनी डोळे मिटले. श्वास लांबला. सगळ्यांनी वाट पाहिली. मग ते अगदी हळू म्हणाले, "सांबार भागीच्या मळ्यातला होय काय?"

खोलीत फक्त बाटलीतले बुडबुडे वाजत होते. दौलतराव उत्तराची वाट पाहत होते, आणि वाट पाहताना श्वास घेत नव्हते.

नवऱ्याचं नाव घ्यायला गोपिकाबाईची जीभ जेवढी अडली नव्हती तेवढी त्या एका 'हो'ला अडली. म्हणजे एवढी वर्षं ताटावर बसून हा माणूस हेच विचारत होता, न बोलता, एकेका वडीला. आणि ती समजत होती की खातो आहे म्हणजे आपला आहे. नाही म्हणावं आणि काय व्हायचं ते होऊ द्यावं, असंही तिला वाटून गेलं. समोर भागीरथाचे दोन मातकट हात तिच्या नवऱ्याचा जबडा उचलून धरून होते, आणि ते सोडत नव्हते.

"हो," ती म्हणाली. "तिच्याच मळ्यातला."

श्वास आला. मोठा, सुखाचा, नाकपुड्या फुगवून घेतलेला. जसा काही तो सांबार तिथेच होता.

"अन वांगे?" त्यांनी विचारलं.

"वांगेही तिचेच."

"अन मिरची?"

"तिचीच. सगळं तिच्याच मळ्यातलं होय. तुम्ही श्वास घ्या अन जेवा."

असं तिने त्यांना सगळं ताट वाढलं, एकेक पदार्थ, आणि दौलतराव एकेका पदार्थाला श्वास घेत वर येत गेले. नखांचा जांभळा रंग उतरला. सुलोचनाबाईंनी मुखवटा बाजूला ठेवला, नळी नाकात राहू दिली, आणि स्टुलावर बसून आपली बोटं चोळली. भागीरथाने जबडा सोडला तेव्हा तिच्या मनगटांत गोळे आले होते. गोपिकाबाईला ते दिसलं.

दुपारी दौलतराव वॉर्डात उशांना टेकून बसले होते, नाकात नळी, तोंडावर उपाशी माणसाचा राग. त्यांना काही आठवत नव्हतं. सुलोचनाबाईंनी दोघींना पलंगाशी बोलावून सांगितलं की यांना पुन्हा असं करायची वेळ येऊ द्यायची नसेल तर हे अंग उतरवा. एक भाकर, उकडलेली भाजी. तळलेलं नाही, तूप नाही, गोड तर नाहीच. "कोण किती वाढतं ते मला माहीत नाही, आणि ऐकायचंही नाही. दोघी मिळून हात आवरा."

भागीरथा शेवटच्या एस.टी.साठी निघाली. पायरीवरून तिने टोपली उचलली. गोपिकाबाई तिच्यामागून बाहेर आली होती, का ते तिचं तिलाच नीट कळत नव्हतं.

"सांबार ठेवून जाजो," ती म्हणाली.

भागीरथाने वळून पाहिलं. "आता तं तळाले मना केलं न वहिनी डॉक्टरनं."

"उकडून करीन. चटणी करीन. मी त्याहिले खोटं सांगतलं," गोपिकाबाई म्हणाली, तिच्याकडे न पाहता. "ते आता खरं करा लागन."

भागीरथाने टोपलीतून एक जुडी काढली, मुळांची माती झटकली आणि तिच्या हातात दिली. मग फाटकातून बाहेर पडली आणि स्टँडकडे चालू लागली.

ती दिसेनाशी होईपर्यंत गोपिकाबाई थांबली. मग कुणी पाहत नाही असं बघून तिने जुडी नाकाशी नेली. सकाळपासून टोपलीत कोमेजलेला सांबार, तरी वास तसाच होता. फार चांगला होता, आणि त्याचाच तिला राग आला.